कोपरावर टोचल्याची खूण

जंतू वाढतात का ते बघायला बाटलीत ठेवलेलं रक्त गढूळ झालं, तोवर ते देणारा माणूस हिवतापाच्या गोळ्या घेऊन घरी गेल्याला दीड दिवस झाला होता. तपासणीत हिवताप नव्हताच. पण ब्लांटायरमध्ये ताप म्हटला की हात आपसूक त्याच गोळ्यांकडे जातो. आता बाटलीत साल्मोनेला हा जंतू निघाला होता. पोट सोडून थेट रक्तात शिरलेला. अंग आधीच पोखरलेलं असलं, तर तो फार वाट बघत नाही.

सिस्टर तियामिके बाटलीवरचं नाव आणि पत्ता घेऊन एन्डिरांडे वस्तीत धावली. फायसन एन्खोमा, मक्याच्या गिरणीमागे.

फायसन छपरावर पत्रा ठोकत होता.

"खाली उतरा! तुमच्या रक्तात जंतू आहेत!"

"असतील," तो उतरत म्हणाला. "सकाळी मक्याच्या न्सिमाचे चार गोळे खाल्लेत. तेही उपाशी नसतील."

तियामिकेने हात लावला. कपाळ गार. दोन्ही कोपरांच्या खोबणीत टोचल्याची खूणच नाही. दवाखान्यात नाव-पत्ता आरोग्य-पुस्तिकेवरून उतरवतात, आणि या गल्लीत ती मिठासारखी उसनी मिळते.

"दादा, पुस्तिका कुणाला दिली होतीत?"

दारात मका पाखडणारी त्याची बायको एनेलेसी थांबली. फायसनने बाही पुन्हा वर सारली.

"इंजेक्शनं मला द्या. त्याच्या वाटची सगळी. हूं की चूं करणार नाही."

"त्याच्या म्हणजे?"

"कुणाच्याच नाही. शपथ घातलीय मला."

"तुम्हाला टोचून तो वाचत असता, तर मी धावत आले असते? तो संध्याकाळ बघणार नाही!"

एनेलेसीच्या हातून सूप पडलं. "आग लागो तुमच्या शपथेला! माझा भाऊ आहे तो!"

पडद्यामागे, तीन घोंगड्यांखाली लामेकचे दात वाजत होते. त्याची स्वतःची पुस्तिका उशाखाली होती. एचआयव्हीच्या गोळ्या त्याने मधेच सोडल्या होत्या. त्यांची नोंद असलेलं पान कुणी वाचलं तर बोलणी बसतील, म्हणून मेहुण्याची नेली.

फायसनने त्याला पाठीवर घेतलं. वॉर्डात पोचेपर्यंत पाठीवरचे दात वाजायचेही थांबले होते.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"फायसन एन्खोमा," फायसन सवयीने म्हणाला.

तियामिके सुई घेऊन लामेकवर वाकली. "खरं सांग. औषधं त्यावर ठरतात."

लामेकचे ओठ हलले. "लामेक चिसाले. गोळ्या... एप्रिलपासून बंद."

सुई शिरली. लामेक कण्हला, तेव्हा कुठे तियामिकेने श्वास सोडला.

"मग फायसन कोण?" कारकून वैतागला.

"मी," फायसन म्हणाला. त्याची बाही अजून वरच होती.