नव्याण्णव टक्के वापर

वारामिन कौन्सिलच्या हद्दीत झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी नजर जाईल तिथवर सपाट माळ, मेंढ्या आणि तारेचं कुंपण. तरीही जनीन मॉसनच्या पडद्यावर ठसठशीत दिसत होतं: दोन वर्षांत रस्त्यावर पडलेली झाडं, चारशे बारा.

"क्रेग, एवढी झाडं पडली, तर ती उगवली कधी?" तिने विचारलं.

क्रेग पेलो संगणक विभागाचा प्रमुख. त्याने मान वर केली नाही. "पूर्वी आकडेच नव्हते, आता आकडे आहेत. हाच तर फायदा! तू शुक्रवारपर्यंत सही दे बाई. सभेला केकसुद्धा सांगितलाय."

जनीनने कपाळाला हात लावला. नवी प्रणाली घेताना कौन्सिलला सांगितलं होतं की रस्ते दुरुस्त करणारी गँग काम झालं की जागच्या जागी टॅबवर नोंद करेल, आणि डेपोत नोंदी घेणाऱ्या कारकुनाची गरज उरणार नाही; ती जागा वाचली की तोच फायदा. खर्च केला तो सार्थकी लागला का, हे तपासून अहवालावर सही करायचं काम जनीनचं. वापर नव्याण्णव टक्के दिसत होता. तिची सही झाली की तीस जूनला डेपोतल्या कारकुनाची, म्हणजे नोएलीनची, जागा बंद.

सही करायच्या आधी निदान ही झाडं तरी बघावीत म्हणून ती गाडी काढून डेपोवर गेली.

एकसष्ट वर्षांची नोएलीन चहाचा मग घेऊन वायरलेसपाशी बसली होती. तेवढ्यात वायरलेस खरखरला. "नोएलीन, लाडके, कोरॅला रस्त्यावर कांगारू मेलेला. ओढून बाजूला केला."

"बरं झालं गॅरी. डबा खाल्लास का?" असं म्हणत तिने डायरीत टिपून घेतलं. मग आपला टॅब उघडला, गॅरीच्या नावाने आत शिरली आणि बोट ठेवलं ते 'पडलेलं झाड' या शब्दांवर.

"अगं, कांगारू म्हणाला ना तो?"

"यादीत कांगारू नाही. 'इतर' म्हटलं की मेलं चार खुलासे मागतं. झाड म्हटलं की गप्प बसतं."

"आणि गँगचे टॅब?"

नोएलीनने मगानेच टेबलाकडे खूण केली. सातही टॅब ओळीने चार्जिंगला लावलेले होते. "एकोणीस रकाने, पोरी. डिझेलने माखलेली बोटं. गावाबाहेर पडलं की नेटवर्क गुल. पोरांनी रकाने भरायचे की खड्डे?"

जनीनचं डोकंच फिरलं. "म्हणजे नव्याण्णव टक्के वापर म्हणजे तू एकटी! आणि तू राबतेस म्हणूनच ते तुला काढतायत! मी सही करणार नाही. जे आहे ते सरळ लिहिते."

"लिही की. मग विचारतील, सात जणांचे पासवर्ड नोएलीनकडे कसे? चौकशी लागेल. तीस वर्षं केली ती नोकरी, आणि शेवटी चोरासारखं बाहेर काढतील. त्यापेक्षा सही कर. निरोपाचा चहा पिऊन मी गुमान जाईन."

"पण पासवर्ड वाटायचा हा गाढवपणा केला कुणी?"

नोएलीनने कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर सात नावं होती, सात पासवर्ड होते आणि खाली एक ओळ: 'पोरांना सवय होईपर्यंत तूच भर. जनीन.'

अक्षर जनीनचंच होतं. नवी प्रणाली सुरू झाली तो पहिला सोमवार तिला आठवला. एकही नोंद येत नव्हती आणि क्रेग तासातासाला फोन करत होता. तेव्हा हा कागद चिकटवून, काय झकास तोड काढली म्हणत ती घरी गेली होती. त्यानंतर दोन वर्षांत एकदाही इकडे फिरकली नव्हती. इतका वेळ क्रेगवर चाललेला तिचा संताप आता स्वतःकडे वळला, आणि तो जास्त बोचत होता.

"हा कागद मी नेते," ती म्हणाली.

"माझं नाव आणू नकोस गं."

"तुझं नाही आणत."

शुक्रवारी सकाळी क्रेग तिच्या टेबलाशी आला. "झाली सही?"

"झाली."

त्याने अहवाल उचलला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'प्रत्यक्ष वापरणारी व्यक्ती एक. गँगच्या पासवर्डांनी नोंदी भरायला तिला मी लेखी सांगितलं, कागद सोबत जोडला आहे. ती जागा बंद केल्यास दुसऱ्या दिवसापासून वापर शून्य. फायदा झालेला नाही.' खाली जनीनची पूर्ण नावानिशी सही होती.

क्रेगचा चेहरा उतरला. "तुला कळतंय का काय लिहिलंयस? अगं, यात तुझीच जागा जाईल!"

"मग ती धर फायद्यात," जनीन म्हणाली.