जिंकून आणलेलं खेचर

मी एक जुनं लष्करी खेचर आहे. १९४२ साली हर्झेगोव्हिनाच्या डोंगरात, भीषण लढाईत, मला इटालियन शत्रूकडून जिंकून आणलं गेलं. मित्रांनो, त्या लढाईच्या वेळी मी इटालियन छावणीच्या मागच्या दारी गवत खात होतो. राजाच्या नावाने लढणाऱ्या सर्ब टोळ्यांच्या, म्हणजे चेतनिकांच्या, वुकोसाव सरदाराने इटालियन कप्तानाला सिगारेट दिली, माझ्यावर तांदूळ आणि काडतुसं लादली, आणि मी जिंकला गेलो. काडतुसं पार्टिझनांवरच, म्हणजे इटालियनांशी खरोखर लढणाऱ्या कम्युनिस्टांवरच झाडायची, एवढीच कप्तानाची अट होती.

इटालियनांना हाकलेपर्यंत दाढी करणार नाही, अशी सरदाराची शपथ होती. दाढी झकास वाढत होती.

दर मंगळवारी आम्ही छावणीत जायचो. मला दोनच हुकूम कळत, तेही इटालियन: ‘अवांती’ म्हणजे चल, ‘फेर्मो’ म्हणजे थांब.

एका शनिवारी ग्लिगोरिये मास्तर चारचौघांत बोलून गेले, “सरदार इटालियनांचं खातो.” झालं! देवळाच्या भिंतीशी मास्तरांना उभं केलं, समोर तीन बंदुका. त्यांची आई स्ताना म्हणाली, “पोराला मारायच्या आधी तो खोटं बोलला हे तरी दाखव.”

“हे जिंकलेलं खेचर दिसत नाही, म्हातारे?” म्हणत सरदार माझ्यावर बसला.

लोकांनी जयघोष केला. काय सांगू मित्रांनो, माझं काळीज नाचलं! मला एकच वाट पाठ, मी निघालो. ‘फेर्मो’ म्हटलं असतं तर थांबलोही असतो. पण गावासमोर तो शब्द त्याच्या तोंडून निघेना.

“सरदार, निघालात कुठे?”

“पाहणीला.”

अख्खा गाव मागे. छावणीच्या पहारेकऱ्याने मला पाहताच फाटक उघडलं. “सरदार, आज शनिवार. तुमचा मंगळवार.”

स्ताना धापा टाकत पुढे आली. “वुकोसाव, लढाईलासुद्धा वार ठरलेला असतो होय रे?”

आधी एक हसला, मग सगळेच. सरदार दाढी खाजवत म्हणाला, “सोडा मास्तरला.”

मित्रांनो, खेचरावर माया करा, त्याला वेळेवर पाणी दाखवा, आणि लपूनछपून कुठे जायचं असेल तर पायी जा.

गाव उपाशी होता. आलोच आहोत तर म्हणून जो तो ओंजळ-ओंजळ तांदूळ घेऊन परतला, स्तानाही. ग्लिगोरिये मास्तरांनी मात्र त्या भाताला हात लावला नाही. त्यांना भात पचत नाही.