खिळ्यावरचा डावा बूट

"कुणी टांगलं यांना इथं? आई, मी विचारतोय, कुणी टांगलं?"

"मी टांगलं. ओले होते, वाळत घातले."

"खुर्चीवर ठेवायचे मग. हाच खिळा दिसला तुला?"

"खिळा तो खिळा. टोपी टांगली तर चालते, बूट टांगले की आभाळ पडतं?"

"काय पडतं ते तुला चांगलं माहितीये."

"ओरडू नकोस, कटलेटं करपतील."

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. बर्फावरचा, खाली पोलादी पातं असलेला, आणि डावा. उजवा माझा भाऊ. तो बोलत नाही, त्याला कसली घाईही नसते. मला असते. एका जागी ठेवलं की माझं डोकं फिरतं. हे मायलेक भांडत होते तेव्हा मी त्यांच्या डोक्यावर लोंबकळत होतो. आणि खरं सांगू? मी ओला नव्हतोच. पण बुटाला विचारतं कोण.

आमचं गाव उरल डोंगराकडं, लोखंडाच्या कारखान्याचं. इथं बर्फावरची हॉकी खेळणाऱ्यानं बूट खिळ्याला टांगले, की त्याचा खेळ संपला. वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून कुठल्याच घरात चुकूनही कुणी बूट टांगत नाही, मग ते ओले असोत नाहीतर गोठलेले. हा खिळा ग्लेबच्या, म्हणजे या भांडणाऱ्या लेकाच्या, बापानं ठोकलेला, लावरेंतीनं. कारखान्याच्या संघात खेळायचा तो. एका वसंतात घरी आला, खिळा ठोकला, बूट टांगले आणि खिडकीपाशी स्टुलावर जाऊन बसला. त्यानंतर कामावर जायचा, येऊन परत बसायचा. खाली अंगणात पोरं खेळत असायची, हा वरून बघायचा. बसून बसूनच गेला माणूस. त्याचे बूट झिनाइदानं, म्हणजे ग्लेबच्या आईनं, कुणाला तरी देऊन टाकले. खिळा आणि स्टूल तेवढं राहिलं.

माझा जन्म धूसर आठवतो. साच्यावर ताणलं, भट्टीत तापवलं, तळाला पातं जोडलं. मग एका मोठ्या शहराच्या संघानं ग्लेबला घेतलं तेव्हा मी त्याच्या पायात आलो. धड मिशी नव्हती फुटली त्याला.

पहिल्या सकाळचं सांगतो. मैदान रिकामं होतं आणि दिवे अर्धेच लावलेले. यंत्र नुकतंच बर्फावरून पाणी फिरवून गेलेलं, वर पांढरी वाफ तरंगत होती. ग्लेबनं मला त्यात सोडलं आणि मागं एक बारीक रेघ उमटत गेली. आवाज असा, की कुणीतरी लांब कुठं रेशीम फाडतंय. मला वाटलं मी अजून खोक्यातच झोपलोय, आणि हे स्वप्न आहे.

मग खूप वर्षं ते स्वप्नच चाललं, मित्रांनो. दिवे, भोंगे, आणि वरून हजारो माणसं एका तालात ओरडायची, "शायबू! शायबू!" म्हणजे मार चकती, घाल गोलात. एकदा शेवटच्या सत्रात ग्लेब कडेनं असा वळला की मी जवळजवळ आडवा झालो. चकती जाळ्यात गेली. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही, बर्फ पडताना येत नाही तसं. मग छत उडेल असा कल्ला झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात ग्लेबचा फोटो होता. त्यात मी पण होतो, अर्धा.

नंतर खेळताना कुणीतरी त्याला मैदानाच्या कडेच्या फळीवर दाबला आणि गुडघा गेला. माझ्याच वरचा, डावा.

तो इस्पितळात, मी पिशवीत. ओलाच कोंबला होता मला. पात्यावर गंज चढला, आतल्या कापडाला बुरशी आली. कुणी चेन उघडून बघितलं नाही. कालपर्यंत ज्याच्या नावानं ओरडत होते, त्याच्या बुटाला आज कुबट वास. असा राग आला होता मला की काय सांगू.

बरा झाला, पण मोठ्या संघानं काही परत घेतला नाही. मग खालच्या स्पर्धेतले संघ. बसमधून दिवसचे दिवस प्रवास, बाहेर नुसती बर्फानं वाकलेली झाडं. ग्लेब काचेला डोकं टेकून झोपायचा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मी त्याच्या पायाशी. चाकांच्या घरघरीत मला वाटायचं, ही सगळी जंगलं एक मैदानच आहे आणि आपण त्यावरून घसरत चाललोय, थांबायचं नाहीच.

शेवटी आमच्या गावच्याच संघात आला. नवी पोरं चिडवायची, "आजोबा, बूट संग्रहालयात द्या की."

"आधी मला पकडून दाखव. मग देतो."

पात्याला धार लावायचा तो मातवेइच, आमच्याच इमारतीत तळाला राहणारा. तो म्हणायचा, "पाती किती वेळा बदलली याची. आता यात बूट कमी, हट्टच जास्त राहिलाय. नवे घे, ग्लेब."

"नवे चावतात, मातवेइच."

"चावू देत. माझी सासू लग्नापासून चावतेय, मेलो का मी?"

आमचं घर चौथ्या मजल्यावर. ग्लेब एक पायरी चढायचा, थांबायचा, मग दुसरी. झिनाइदा दाराआड उभं राहून ते ऐकायची. तो पोचला की पटकन चुलीकडं, जणू मगापासून तिथंच होती.

तर त्या भांडणाच्या दिवशी ग्लेबनं मला खिळ्यावरून काढलं आणि पलंगाखाली ठेवलं. पुढच्या हंगामाचा निरोप यायचा होता. तो उन्हाळ्यात आला. फोनवर प्रशिक्षक म्हणाला, "ग्लेब, आम्हाला तुझ्याबद्दल फार आदर आहे." आदर म्हटलं की समजून जायचं.

ग्लेबनं फोन ठेवला. मला पलंगाखालून ओढलं आणि स्वतःच्या हातानं खिळ्याला टांगलं. झिनाइदा दारात उभी होती, हातात काकड्यांच्या लोणच्याची बरणी. तो खिडकीपाशी गेला आणि बापाच्या स्टुलावर बसला.

मी लटकत राहिलो. धूळ बसली. कुणीतरी वर टोपी पण टांगली, मला दिसायचं बंद झालं. अंधारात मी तीच पहिली रेघ परत परत ओढत होतो.

थंडी पडली. आमच्या अंगणात फळ्यांचं कुंपण आहे, पोरांचे बाप नळीनं पाणी सोडून तिथं बर्फ धरवतात. मातवेइच वर आला.

"पाणी सोडतोय. नळी धरायला चल."

"गुडघा दुखतो."

"नळी गुडघ्यानं धरतोस का?"

ग्लेब उठला नाही.

सकाळ निळी उजाडली, दुधात शाई सांडावी तशी. झिनाइदा खिडकीपाशी आली.

"ऊठ. स्टूल हवंय मला."

"कशाला?"

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. तिनं स्टूल ओढत दारापर्यंत आणलं, खिळ्याखाली ठेवलं आणि वर चढली. टोपी बाजूला झाली, तिचा चेहरा माझ्यासमोर.

"आई, उतर, पडशील. स्वतःच्या हातानं टांगलेले बूट परत काढत नाहीत."

"पहिल्यांदा मी टांगले होते. आणि ते ओले नव्हते."

ग्लेबनं पुढं होऊन स्टूल धरलं.

"तुझं ते जिना चढणं ऐकवत नव्हतं मला. वाटलं, खिळ्याकडं बघून थांबशील. थांबलास, पण कुठं? तुझ्या बापाच्या जागेवर. एकदा बघितलंय मी ते. परत नाही बघणार. खाली पोरं कुंपणाला टेकून उभी आहेत. नव्या बर्फावर पहिला फेरा जुन्या खेळाडूचा असतो. आता तो काय मातवेइच मारणार? तोंडावर पडेल."

"मॅच नाही काही नाही, आई."

"मॅच कोण म्हणतंय? फेरा म्हणतेय. हळू जा."

तिनं एप्रनच्या टोकानं माझं पातं पुसलं, टाचेपासून टोकापर्यंत. मित्रांनो, हे एवढं करत जा. खेळून आलात की पातं कोरडं करा, नाडी सैल करा, आत हवा जाऊ द्या. आणि दमलेल्याला जरा बसू द्या, पण कायमचं टांगू नका, बूट असो की…

ग्लेब नाडी आवळतोय. सांगायचं अजून बरंच होतं, पण मला आता निघायला हवं.