चाळीस ग्रॅमचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी चाकू आहे. माझी गोष्ट सांगावी की सांगू नये, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. जुन्या वस्तू आपलं आयुष्य सांगतात तेव्हा कष्टाचं सांगतात, सेवेचं सांगतात. कष्ट मीही केले. पण माझ्या आयुष्यातला मोठा भाग हेव्याचा आहे, आणि तो वगळला तर उरलेलं कितपत खरं राहील, मला सांगता येत नाही. तेव्हा जमेल तसं सांगतो. कुठे कंटाळा आला तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म १९६६ साली नागपुरात, लकडगंजात झाला. भोवती सगळ्या लाकडाच्या वखारी, आणि त्यांच्यामध्ये रुपरावजींचं लहानसं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, एक ऐरण आणि स्वतः रुपरावजी. ते विळे, कोयते, अडकित्ते करत. एक दिवस अनंतराव नावाचे सडपातळ गृहस्थ तिथे आले. ते ग्रंथालयात नोकरीला होते. सुटी मिळाली की पाठीवर पिशवी टाकायची आणि डोंगर गाठायचा, असा त्यांचा छंद. त्यांना कमरेला लावायला एक भक्कम चाकू हवा होता.

रुपरावजींनी ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा काढला. तो लालबुंद तापवून ठोकला, घडवला, आणि शेवटी मला पाणी दिलं. पाणी देणं म्हणजे तापलेलं पोलाद एकदम गार करून घट्ट करणं; त्यामुळे धार टिकते. मग शिसवी मूठ बसवली. पण दुकानाची एक रीत होती. नवा चाकू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी रुपरावजी तो बाभळीच्या ठोकळ्यात रोवत आणि अंगाचा सगळा भार टाकून वाकवत. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मी वाकलो आणि सरळ झालो. "जा गा आता," असं म्हणून त्यांनी मला अनंतरावांच्या हातात ठेवलं.

पुढची अठरा वर्षं मी त्यांच्या कमरेला होतो. रामटेकच्या टेकड्या पाहिल्या, पचमढीच्या दऱ्या पाहिल्या. तंबूच्या खुंट्या तासल्या, कांदे चिरले, ओल्या लाकडाच्या ढलप्या काढून चुली पेटवल्या. एकदा सातपुड्यात एका ओढ्याशी गाडीचा बैल घसरून पडला आणि त्याच्या गळ्याला दोरीचा फास बसला. अनंतरावांनी मला ओढून एका झटक्यात दोरी कापली. गाडीवान बैलाच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघून म्हणाला, "लय कामाचा हाय बाप्पा तुमचा चाकू." ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं मनात घोळवलं.

इथेच कबूल करतो, की हेवा मला तेव्हाही होता. अनंतरावांनी नवा टॉर्च घेतला तेव्हा त्याची बॅटरी लवकर संपावी असं मला वाटलं होतं. नव्या बुटांबद्दलही माझं मत चांगलं नव्हतं. पण ते किरकोळ. खरा हेवा काय असतो ते मला १९८४ सालच्या एप्रिलमध्ये कळलं.

त्या वर्षी अनंतरावांनी हिमालयातली एक खिंड चढायचं ठरवलं होतं. त्यांचा एक गुडघा दुखरा झाला होता. पाठीवर आठ किलोच्या वर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग त्यांनी ओझं कमी करण्याचा ध्यासच घेतला. सक्करदऱ्याच्या घरी वाण्याकडून मागून आणलेली तागडी आली. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. टॉवेलचा चतकोर केला. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई बघत होत्या.

"मिशा काहून ठेवल्या मग?" त्या म्हणाल्या. "त्याही काढा. तेवढंच हलकं."

"चेष्टा करू नकोस गं, एकेक ग्रॅम महत्त्वाचा आहे."

मग त्यांनी मला तागडीत टाकलं. दोनशे तीस ग्रॅम. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मला आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन रुपरावजींकडे गेले. दरवर्षी प्रवासाआधी मला धार लावायला नेत असत, म्हणून मी निश्चिंत होतो. पण ते म्हणाले, "रुपरावजी, हा आता मला जड होतो हो. याहून हलकं काही करता येईल का?" अठरा वर्षांत माझ्याविषयी काढलेला हा पहिला वाईट शब्द, आणि तोही माझ्यासमोर.

रुपरावजी काही बोलायच्या आत त्यांची मुलगी गोपिका पुढे आली. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लहानपणापासून त्या दुकानात वाढलेली आणि आता बापाच्या बरोबरीने काम करणारी. तिने कोपऱ्यातून एक करडा पत्रा काढला. विमानाच्या भंगारातून आलेला तुकडा होता तो. त्याला चुंबक चिकटत नव्हतं, गंज चढत नव्हता आणि हातात घेतला तर वजन लागत नव्हतं.

"भाऊ, हे टायटॅनियम असंन," ती म्हणाली. "याचा करून पाहू का?"

अनंतराव हरखले. त्यांनी ग्रंथालयातून धातूंवरचं एक पुस्तक तिला आणून दिलं. मी धारेसाठी म्हणून फळीवर पडलो होतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

गोपिकाने पत्रा करवतीने कापला आणि सहाणेच्या चाकावर धरला. त्यातून पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या. माझ्या वेळी उडाल्या त्या पिवळ्या होत्या. ठिणग्यांचासुद्धा हेवा करता येतो, हे मला तेव्हा समजलं.

रुपरावजी जेवून आले. "काय करून राहिली वं?"

"चाकू."

"भट्टी तं थंडी हाय."

"याले भट्टी नाही लागत बाबा. घासूनच करायचा. तापवला का हवा पेते अन् ठिसूळ होते. पुस्तकात लिहिलं हाय."

"हवा पेते?" रुपरावजी हसले. "आतापर्यंत मानसं पेतानी पाह्यली होती, लोखंड पेतानी नाही पाह्यलं."

"लोखंड नाही व्हय ते."

"मंग तो चाकू बी नाही व्हय."

पण चाकू झाला. बोटभर लांब पातं, मुठीच्या जागी भोकं पाडलेली आणि वर पातळ दोरी गुंडाळलेली. वजन भरलं चाळीस ग्रॅम. वखारवाले एकामागून एक येऊ लागले. तळहातावर तोलून बघत आणि खुळ्यासारखे हसत. कुणाला फळीवर दुसराही एक चाकू आहे याची जाणीव नव्हती. त्यातला एक जण जाता जाता म्हणाला, "रुपरावजी, पोरीनं तुमाले मागं टाकलं गा!"

सगळे हसले. रुपरावजीही हसले, पण उशिरा. आतून जे माझं होत होतं तेच त्यांचं होत असावं. त्या दुकानात त्या दिवशी आम्ही दोघंच एकमेकांना नीट समजू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपिका मावशीकडे गेली होती. रुपरावजींनी भट्टी पेटवली आणि तो नवा चाकू उचलला. मित्रांनो, त्यांना तो बिघडवायचा होता असं मला वाटत नाही. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. आपल्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या पात्याला आपला हात लागलाच पाहिजे, आपण पाणी दिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, एवढंच त्यांच्या मनात असावं. त्यांच्या वडिलांनी हेच केलं होतं, आजोबांनीही. त्यांनी पातं तापवलं आणि बुडवलं. पोलादासारखं ते काही चुरचुरलं नाही, म्हणून पुन्हा तापवलं. असं तीनदा, बराच वेळ.

पातं बाहेर आलं तेव्हा त्याच्या पाठीवर निळा-जांभळा रंग चढला होता. फार सुंदर दिसत होता तो रंग. पण मुठीपाशी केसाएवढी बारीक चीर पडलेली मला दिसली. रुपरावजींची नजर आता अधू झाली होती, त्यांना ती दिसली नाही.

आणि मला आनंद झाला. तुमच्यासारख्या लहान मुलांपुढे हे बोलायला संकोच वाटतो, पण झाला. डोंगरात कुठेतरी, ऐन गरजेच्या वेळी तो मोडेल, आणि मग अनंतरावांना माझी आठवण येईल, असं चित्र मी रंगवलं. त्या ऐन गरजेच्या वेळी दोरीच्या टोकाला खुद्द अनंतराव असतील, हे माझ्या चित्रात कुठेच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव आले. दोन दिवसांनी त्यांची गाडी होती.

"अरे वा! रंगसुद्धा दिलात?"

"पाणी देल्लं," रुपरावजी ताठ मानेने म्हणाले. "आता पक्का झाला."

अनंतरावांनी तो कमरेच्या पट्ट्याला, माझ्या जागेवर अडकवला. तेवढ्यात गोपिका दारात आली. तिने निळं पातं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला सगळं कळलं होतं. एका वाक्यात ती सांगू शकली असती. पण गिऱ्हाइकासमोर बापाला खाली बघायला लावणं तिला जमेना.

"भाऊ, जरा थांबा," ती हळूच म्हणाली. "ठोकळा राह्यला. बाबा, तुमीच करा. आपली रीत हाय."

रुपरावजींनी तिच्याकडे पाहिलं. मग चाकू परत घेतला, ठोकळ्यात रोवला आणि भार टाकला. 'टक्' असा लहानसा आवाज झाला. पातं ठोकळ्यात राहिलं, मूठ हातात आली.

वखारीतली करवत तेवढी चालू होती.

"मीच मोडला, अनंतराव," रुपरावजी म्हणाले. "पोरीनं बराबर केला होता. मी इस्तवात घातला."

"पत्रा उरला हाय बाबा," गोपिका म्हणाली. "पुढच्या वर्षी करू."

मी जिंकलो होतो. अनंतरावांनी फळीवरून मला उचललं आणि मी पुन्हा कमरेला लागलो. घरी जाताना रस्ताभर मी माजात होतो.

घरी सगळं सामान भरून, माझ्यासकट कमरेचा पट्टाही वर ठेवून पिशवी तागडीला लावली. ती आठ किलोच्या वर गेली. अनंतरावांनी सामान उपसलं. कपडे हवेत, औषधं हवीत, तांदूळ हवेत. शेवटी त्यांनी एक पातळसं, कापडी बांधणीचं पुस्तक बाहेर काढलं. ते त्यांनी तंबूत वाचायला निवडून ठेवलं होतं.

"ते काहून काढता?" प्रेमलताबाईंनी विचारलं. "पुस्तकाशिवाय तुम्ही एक दिवस राहिला का कधी?"

"चाकू जड आहे ना," ते म्हणाले.

खिंडीच्या खाली चार दिवस बर्फ पडत राहिलं. तंबूतून बाहेर पडता येईना. बरोबरचे सोबती पत्ते खेळत, गाणी म्हणत. अनंतरावांना दोन्ही येत नव्हतं. माणसांत फार बोलणंही त्यांना जमत नसे. ते एका कडेला बसून राहात. अधूनमधून मला म्यानातून काढत, उगाच पुसत आणि परत ठेवत. एकदा तर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी त्यांना तीन वेळा वाचताना मी पाहिलं. इतका वेळ मी त्यांच्या हातात कधीच नव्हतो. आणि त्या हातांना मी नको होतो, हे मला समजत होतं. त्यांच्या रिकाम्या हातांत जे असायला हवं होतं, त्याच्या जागी मी येऊन बसलो होतो.

दुसऱ्या वर्षी उरलेल्या पत्र्याचा चाकू झाला. कानस रुपरावजींनी चालवली. कुठे किती घासायचं ते गोपिका सांगत होती. भट्टी थंड होती. आता तो अनंतरावांच्या कमरेला असतो आणि मी सक्करदऱ्याला स्वयंपाकघराच्या फळीवर. प्रेमलताबाई माझ्याने कोहळं कापतात, नारळ फोडतात.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या चाकूला ओला ठेवू नका. काम झालं की कोरडं पुसा आणि तेलाचं एक बोट फिरवा. तेवढं मागायचा मला हक्क आहे, असं मला वाटतं. पण नव्या वस्तूचं काही वाईट व्हावं असं म्हणत तो फळीवर बसला असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याला फक्त आपली जागा दिसत असते.

हेवा माझा अजून गेलेला नाही. आज सकाळी अनंतराव पुन्हा डोंगराला निघाले. पट्ट्यासकट पिशवी तागडीला लावली, ती आठ किलोला थोडी कमी भरली. त्यांनी हसून दोन पुस्तकं आत सरकवली. तो करडा चाकू पट्ट्यावर चमकत होता. माझ्याहून देखणा आहे तो, हे मी कधी कबूल केलं नव्हतं. दार लागताना मी मनातल्या मनात त्याला म्हणालो, "मोडू नको रे बाबा. निदान ती दोन्ही वाचून होईपर्यंत."