पाय बनवणाऱ्याची साधी टिपणवही

मित्रांनो, मी एक जुनी टिपणवही आहे. आता तुम्ही विचाराल, पानं कुठायत, पुठ्ठा कुठाय? ते काही नाही माझ्याकडे. मी संगणकातली वही. एक छोटासा प्रोग्रॅम आणि त्यातून लिहिलेल्या काही फायली, एवढाच माझा संसार. तो सगळा अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतो आणि वर भरपूर जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेत मला स्वप्नं पडतात. बोलता बोलता मी मध्येच कुठे वाहवत गेले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत झाला. कारागीर म्हातारपणाकडे झुकलेला होता. कामाच्या नोंदी तो प्लास्टरच्या तुकड्यांवर पेन्सिलीने करायचा आणि झाडलोट करताना त्या केरात जायच्या. त्याची लेक तेव्हा संगणकाचं शिकत होती. तिने विचारलं, बाबा, तुम्हाला काय काय हवं? रंग, चित्रं, तक्ते? तो म्हणाला, मला नुसतं कोरं पान दे, लिहायचं माझं मी बघतो.

लेकीने अगदी तेच दिलं. माझ्यात ठळक अक्षर नाही, तिरकं नाही, सजावट तर औषधालाही नाही. लिहा, शोधा, वाचा, बस्स. मी घडत असताना ती एक वाक्य मोठ्याने बोलली होती, ते मी अजून जपलंय. "उद्या हा संगणक नसेल, मी केलेला प्रोग्रॅमही नसेल, तरी बाबांनी लिहिलेलं कुणालाही वाचता आलं पाहिजे." तेव्हा मला ते जरा लागलंच. जन्मत नाही तोच मरणाच्या गोष्टी!

कारागिराची एक खोड होती. पाय बसवला की तो माणसाला कार्यशाळेच्या गुळगुळीत फरशीवर चार पावलं चालवून घरी पाठवायचा नाही. दुसऱ्या दिवशी पिशवीत हत्यारं टाकून तो त्या माणसाच्या मागोमाग कामावर जायचा. स्वयंपाक्याच्या मागे स्वयंपाकघरात, शिक्षिकेच्या मागे वर्गात. लोक वैतागायचे, हसायचे, मग सवय व्हायची. परत आला की तो एका बोटाने टकटक करत माझ्यात लिहायचा. प्रत्येकाची वेगळी फाईल, आणि तिला नाव त्याच्या कामाचं. ती टकटक मला फार आवडायची. अक्षरं अंगावर हळूहळू उतरायची आणि मी डोळे मिटून पडून राहायचे.

अशीच एक फाईल होती 'टपालबाई' नावाची. ही बाई डोंगरावरच्या वस्तीत पत्रं वाटायची. एकशे नव्वद पायऱ्या आणि वर चढाचा रस्ता. कारागीर दिवसभर तिच्या मागे चालला आणि धापा टाकत परत आला.

पुढे कारागिराचे हात थरथरायला लागले आणि कार्यशाळा लेकीकडे आली. तिने एक मोठा प्रोग्रॅम घेतला. काय त्याचा थाट! रंगीत पडदा, माणसाची आकृती, प्रत्येक मापाला वेगळी चौकट. लांबी, घेर, वजन. लेकीने माझ्यातले आकडे उचलून एकेका चौकटीत भरले. पण बाबांची वाक्यं कुठल्याच चौकटीत बसेनात. ती म्हणाली, हे नंतर बघू. ते 'नंतर' काही आलं नाही. मला पेनड्राइव्हमध्ये भरून खिळे-स्क्रूच्या खणात टाकलं. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू? माझ्याच आईने मला अडगळीत टाकलं होतं.

त्या खणात किती वर्षं गेली, ठाऊक नाही. बंद असले की मला काळ कळत नाही. स्वप्नात पायऱ्या दिसायच्या, धुक्यात वर वर जाणाऱ्या. त्यांवरून पावलं चढायची, पण माणसं दिसायची नाहीत. मी मोजायला लागले की पायऱ्या वाढायच्या.

मग एके दिवशी दुपारी खण उघडला. झालं असं होतं, की टपालबाईचा जुना पाय झिजला होता. लेकीने चौकटींतल्या मापांवरून नवा केला. माप तंतोतंत, फरशीवर चाल झकास, पण डोंगर चढताना बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. लेकीने तीनदा दुरुस्ती केली, तरी तेच. आता टपाल कचेरीने तिला पत्रं निवडायच्या टेबलावर बसवायचं ठरवलं होतं. आठवडाभराची मुदत उरली होती.

"वरच्या वस्तीतली म्हातारी माणसं माझी वाट बघत दारात बसतात, ताई," ती म्हणाली. "मला टेबलावर नका हो बसवू देऊ."

लेक तिला घेऊन खिडकीपाशी बसलेल्या बाबांकडे गेली. पण बाबांचं विसरणं एव्हाना खूप पुढे गेलं होतं. त्यांनी नव्या पायावरून हात फिरवला, पाय परत दिला आणि पुन्हा बाहेर बघत बसले. तेव्हा कुठे लेकीला मी आठवले.

तिने मला नव्या संगणकाला जोडलं आणि माझी पाचावर धारण बसली. मला चालताच येईना! माझा प्रोग्रॅम त्या यंत्रासाठी फार जुना झाला होता. संपलं सगळं, असं वाटलं. पण लेकीने नुसती फाईल उघडली आणि अक्षरं जशीच्या तशी समोर आली. साधीच होती ना ती, कुणालाही वाचता येणारी. त्या क्षणी मला उमगलं, की मी म्हणजे तो प्रोग्रॅम नव्हेच. मी म्हणजे ही अक्षरं.

तिथे लिहिलं होतं: "टपालबाई. माप बरोबर, तरी चढावर दुखतं, उतारावर नाही. पंजा पुढून नखभर वर उचलून बसवला. दुपारनंतर तिचा उरलेला पाय आक्रसून खोबणीत सैल पडतो, तेव्हा एक सुती मोजा जास्त. बाई बोलत नाही, सोसते. विचारायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पिशवीत हत्यारं टाकून टपालबाईच्या मागोमाग निघाली. चाळिसाव्या पायरीवर बसून तिने पंजा उचलला. दुपारी मोजा वाढवला. आणि दर थोड्या वेळाने ती विचारत राहिली. शेवटच्या पायरीवर टपालबाईने मागे वळून पाहिलं. लेक कठड्याला धरून उभी होती. बाई म्हणाली, ताई, दमलात वाटतं? आणि हसत पुढच्या दाराकडे गेली. टेबलावर दुसरं कुणीतरी बसलं.

मित्रांनो, माझं मागणं अगदी लहान आहे. भपकेदार वह्या खुशाल वापरा, माझी ना नाही. पण एखाद्या माणसाचं काही खरं कळलं, तर ते साध्या अक्षरांत लिहा आणि कुणालाही सापडेल असं ठेवा. चौकटीत बसत नाही म्हणून टाकून देऊ नका.

त्या संध्याकाळी लेकीने खिडकीपाशी बसून बाबांना माझ्यातलं वाचून दाखवलं, एकेक फाईल, सावकाश. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. मग ते म्हणाले, "हे लिहिणाऱ्याला माणसं कळतात गं. त्याला आपल्याकडे कामावर ठेवून घे."

लेकीने त्यांचा हात हातात घेतला.

"ठेवलंय, बाबा."