रंभाबाईंनी खूण केलेलं कार्ड

मी एक भोक पडलेलं जुनं कार्ड आहे. मित्रांनो, तुम्ही बसमध्ये मशीनला टेकवता, दुकानातही चालवता, त्याच जातीचं. हजारो भावंडांबरोबर एका कारखान्यात माझा जन्म झाला. सगळ्यांचा चेहरा एकच, निळा. अंगात कडेकडेनं केसासारखी बारीक तार फिरवलेली. ती बाहेरून दिसत नाही.

सोलापुरात सृष्टीनं मला घेतलं ते तिच्या आजीसाठी. सृष्टीला सातवा महिना. दिवसभर चादरीच्या दुकानात काम, नवरा कुमार पुण्याला. म्हणून सोबतीला माळशिरसकडून ही आजी, रंभाबाई, आल्या होत्या. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला, आणि इथे दोन खोल्या.

"आठ दिस बघते," त्या म्हणाल्या. "कोंडूनच बसायचं आसंल तर मी आपली जाते माज्या मेंढरांकडं."

"हे घे. मशीनला टेकवलं की बस नेते, दुकानदार सामान देतो. कुणाला विचारायला नको." एवढं बोलून सृष्टी घाईनं कामाला निघून गेली.

मग आमचे दिवस!

सिद्धेश्वर तलाव. टिंग.

मंगळवार बाजार. टिंग.

शेंगाचटणी, कडक भाकरी. टिंग.

एकदा तर उगीचच, खिडकीशी बसून, शेवटच्या थांब्यापर्यंत.

"सृष्टे, ह्याच्यावर चोळीचा खण बी दिला की गं! लई गुणाचं हाय." त्यांनी मला पदरानं पुसलं. इतकं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

आठवा दिवस आला, गेला. जायचं नाव त्यांनी काढलं नाही.

पण बसमध्ये शेजारच्या बाईच्या हातात त्यांना हुबेहूब माझ्यासारखं कार्ड दिसलं आणि घोर लागला. अदलाबदल झाली तर? नवं मेंढरू आलं की त्यांच्यात कानाला भोक पाडून खूण करतात, म्हणजे ते दुसऱ्याच्या कळपात जात नाही. रंभाबाईंनी गॅसवर दाभण तापवलं, मला पाटावर धरलं आणि कोपऱ्यात आरपार भोक पाडलं.

दुखलं नाही. पण तार तुटली. भोकात लोकरीचा दोरा ओवून त्यांनी मला मायेनं गळ्यात घातलं.

सकाळी बसमध्ये मशीन गप्प. पुन्हा टेकवलं. गप्प.

"अव्वा, कारडाचं नाक टोचलंय व्हय?" कंडक्टर चंद्रव्वा म्हणाली. "आता कशाचं चालतंय हे!"

सगळी बस हसली. रंभाबाई पुढच्या थांब्यावर उतरल्या, चालत घरी आल्या आणि गाठोडं बांधायला बसल्या.

संध्याकाळी सृष्टीनं गाठोडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"मला हितलं कळत न्हाय, पोरी," रंभाबाई म्हणाल्या. "चांगलं चालतं कारड मी मारलं. उद्या तुज्या बाळाला माज्या हातनं काय झालं म्हंजे?"

सृष्टी भिंतीला धरून हळूच खाली बसली. "चूक माझी आहे. तुझ्या हातात दिलं आणि पळाले. आत तार असते, हे सांगायला दोन मिनिटं टेकले नाही."

रंभाबाईंनी गाठोड्याची गाठ आणखी आवळली. तशी सृष्टी जवळ सरकली आणि केस मागं सारून म्हणाली, "आजी, माझे दोन्ही कान कुणी टोचले गं? तूच ना? मग मी हाय की अजून चालू!"

रंभाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. गाठोड्याची गाठ फार घट्ट बसली होती. दोघींनी मिळून ती सोडवली.

मित्रांनो, आता मी कुठेच चालत नाही. माझ्या जागी आलेलं नवं कार्ड रंभाबाईंनी शिवलेल्या कापडी पिशवीतून हिंडतं. माझं मागणं एकच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात नवी वस्तू देताना उभ्या उभ्या देऊ नका. शेजारी बसा.