सासरी गेलेल्या कलमा

देवश्रीचे बोलणे संपले, तरी भगवंतरावांनी मान वर केली नव्हती. खुंटासाठी लावलेल्या जंबेरी लिंबाच्या कोवळ्या रोपाची साल चाकूच्या टोकाने उचलून त्यांनी तीत संत्र्याचा डोळा, अंकुर असलेला सालीचा तुकडा, बसवला, पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि उकिडवेच पुढच्या रोपाकडे सरकले. देवश्री वाफ्याच्या बांधावर उभी होती. आपण सांगितलेले यांना ऐकूच गेले नाही की काय, असे तिला वाटले. मग गाठ मारताना त्यांची बोटे चुकलेली दिसली. ती बोटे चुकताना तिने कधी पाहिली नव्हती.

तिने सांगितले होते ते एवढेच. विहिरीजवळच्या जुन्या संत्र्याला ग्रीनिंगची, डोळ्याबरोबर कलमेत उतरणाऱ्या रोगाची, लागण आहे. मागच्या फेरीत नेलेल्या पानांची तपासणी झाली, शंकेला जागा नाही. ते झाड तोडावे लागेल. त्याच्यावरून डोळे घेऊन भरलेल्या कलमा नष्ट कराव्या लागतील, आणि त्या कोणत्या वाफ्यांत आहेत हे कळेपर्यंत रोपवाटिकेच्या परवान्याचे नूतनीकरण होणार नाही.

शेंदूरजनाघाटच्या तपासणीचे काम आले तेव्हा अमरावतीच्या कृषी कार्यालयात तिने दुसऱ्या कुणाला तरी पाठवा असे म्हणायला हवे होते. म्हणाली नाही. तिचे वडील, कमलाकांत मास्तर, इथल्या शाळेत होते तोवर तिचे सगळे हिवाळे याच बांधावर उगवले आणि मावळले होते. तेव्हा डोळा बांधायला प्लॅस्टिक नसे, केळीचे सोपट, खोडाची वाळलेली साल, असे. ते बादलीत भिजत पडलेले असे आणि भगवंतरावांची मुलगी पौर्णिमा आणि ती, दोघी वर्गमैत्रिणी, गारठल्या हातांनी त्याच्या पट्ट्या सोलत बसत. थंडीला संत्र्याच्या सालीचा वास असे. उन्हाची तिरीप वाफ्यांवरून इतक्या सावकाश सरके, की दुपार ही संपणारी गोष्ट आहे यावर त्या वयात विश्वास बसत नसे. आळीतली एखादी मुलगी सासरी निघाली की पौर्णिमाची आई, रुख्मिणीकाकू, तिची ओटी भरत, आणि भगवंतराव विहिरीजवळच्या झाडाच्या दोन कलमा, मुळांना ओले गोणपाट गुंडाळून, जीपमध्ये तिच्या पायांशी ठेवत. मुलगी रडता रडता पाय आखडून घेई, कलमांना धक्का लागू नये म्हणून.

"लायसन देत नाई म्हन ना सरळ," भगवंतराव अखेर म्हणाले. "झाडावर कावून घेतं?"

"काका, झाड खरंच आजारी आहे."

"आजारी झाड असं लदबदते का? दोनचार सालं झाले, जवा पाहा तवा फूल. तुही काकू कुकू लावते त्याले."

"अवेळी येणारं फूल हेच त्या रोगाचं लक्षण आहे."

भगवंतरावांनी झाडाकडे पाहिले नाही. देवश्रीने पाहिले. हिरव्या गर्दीत एका फांदीची पाने पिवळी पडली होती, आणि तिच्याच टोकाशी, बहराचा हंगाम नसताना, पांढरी फुले आली होती. बुंध्यावर कुंकवाचे बोट होते. ज्याला या घराने कृपा म्हटले तो ज्वर होता, आणि ज्वराने उजळलेल्या चेहऱ्यासारखेच ते झाड या क्षणी विलक्षण सुंदर दिसत होते.

रुख्मिणीकाकू चहा घेऊन आल्या. "मॅडम म्हनू का पोरी म्हनू तुले?" त्यांनी विचारले. "च्या तं घेशीन, का थो बी नियमात बसत नाई?"

"बसतो, काकू." ती हसली, आणि आपण हसलो याचेच तिला वाईट वाटले.

"माह्या बुढ्यानं सारी जिंदगी कलमा भरल्या," भगवंतराव म्हणाले. "त्याले कोनी इचारलं नाई, बावा, तुह्याजवळ कागद हाय का. लोकं हात पाहून येत. आता ज्याच्याजवळ तारेचं कुंपन अन् मोठी पाटी, थो नर्सरीवाला. थो आमच्याकडूनच कलमा घेते, सोताचं लेबल लावते अन् इकते. कोन्या रोपावर कोनाचा हात फिरला, तुह्या सायबाले समजते काय?"

"नाही समजत."

"मंग?"

या "मंग"ला तिच्याजवळ उत्तर होते. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात तिने ते परीक्षेत लिहिले होते आणि पुढे कित्येकदा लोकांना ऐकवले होते. शिवलेला सदरा उसवला तर शिंप्याकडे परत जाता येते. कलमेचा खोटेपणा मात्र पाचव्या-सहाव्या वर्षी उघडा पडतो, तोवर माणसाने जमीन दिलेली असते, पाणी दिलेले असते, आणि परत न मिळणारी वर्षे दिलेली असतात. विकत घेणाऱ्याला जे पारखताच येत नाही, ते त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी पारखावे, म्हणून परवाना. उत्तर आजही खरे होते. पण परवाना विक्रीच्या दारात उभा राहतो. जीपमध्ये मुलीच्या पायांशी ठेवलेल्या कलमा त्याने कधी अडवल्या नव्हत्या, आणि अडवाव्या असे कुणाच्या मनातही आले नसते.

"आमच्या अमरावतीच्या अंगणात तुम्ही दिलेल्या, याच झाडाच्या दोन कलमा आहेत," ती म्हणाली. "त्यांचीही पानं मी दिली होती तपासायला. ती निरोगी निघाली. ती झाडं जुनी आहेत. रोग अलीकडचा आहे, काका, या चार-पाच वर्षांतला. म्हणून विचारते, यंदा या झाडाचे डोळे कोणत्या वाफ्यांत भरले?"

"याद नाई."

कोणत्या झाडाचा डोळा कोणत्या ओळीत आहे हे भगवंतराव अंधारातही सांगू शकत, आणि तिला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते.

"झाड तोडतो," ते एकदम म्हणाले. "आजच तोडतो. तुह्यासमोर. पन यंदाच्या कलमा जाऊ दे. सही कर. लायसन गेलं तं या वयात मी त्या पाटीवाल्याच्या दारी मजुरीनं डोळे भरू का?"

तिला भगवंतराव दिसले, कुणाच्या तरी कुंपणाआड, खाली मान घालून. सही एका क्षणाची होती. तिने मान हलवली. नाही.

"अवं, माणूस खराब माल कोनाले देते?" त्यांचा आवाज चढला. "परक्याले देते. पोरीले देते का? आकोटात पौर्णिमाच्या सासरी जाऊन पाह्य. चार सालाची बाग झाली. सारी याच झाडाची हाय. मीनं म्हनलं, लोकाईच्या पोरीईले दोन दोन देल्ल्या, मंग माह्या पोरीले पुरी बाग कावून नाई? सोता जाऊन लावून आलो जवायाच्या वावरात. झाड खराब असतं तं मी..."

ते थांबले. आपलेच वाक्य त्यांना उशिरा ऐकू आले असावे. चाकू हातात तसाच उघडा राहिला. रुख्मिणीकाकूंनी रिकामा कप उचलण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. वाफ्यांवरून वारा गेला आणि बांधलेल्या पट्ट्यांची सुटी टोके ओळीने थरथरली.

देवश्रीला आठवले, पौर्णिमा मागे फोनवर म्हणाली होती की यंदा दोघांनी कपाशी कमी केली, आता सारा जीव बागेत आहे. ती खाली बसली, त्यांच्या समोर, ओल्या मातीत.

"काका," ती हळू म्हणाली, "तिच्या बागेतली पानं तपासायला आणवू? अकोल्याला माझ्या ओळखीचे लोक आहेत, ते आकोटला जाऊन येतील. लागण झाली असली तरी सगळीच झाडं गेली असतील असं नाही. आता पाहिलं तर काही वाचतील. मी बोलू तिच्याशी, की तुम्ही बोलता?"

भगवंतरावांनी चाकू मिटला. डोळे काढून उरलेली फांदी ओल्या फडक्यावर ठेवली.

"पोरगी काय इचारून राहिली?" रुख्मिणीकाकू म्हणाल्या. "बोला ना."

ते उठले. धोतराला लागलेली माती त्यांनी झटकली नाही. "सोताच जातो आकोटले," ते म्हणाले, आणि वाफ्यांमधल्या पायवाटेने, दोघींकडे न पाहता, फाटकाकडे चालत गेले.